टाळूवरचा पहिला श्वास

कैरवीच्या वर्गात आईच्या पोटातून जन्मलेलं एकही पोर नव्हतं. सगळी कुशीघरातली. कुशीघर म्हणजे सांगलीच्या नदीपलीकडची ती लांबलचक पांढरी इमारत. नवराबायकोने आपापलं बीज तिथे देऊन यायचं, मग काचेच्या पेटीत गर्भ वाढायचा, आणि दिवस भरले की फोन यायचा, या, घेऊन जा. ओकाऱ्या नाहीत, कळा नाहीत, टाके नाहीत. बायका सुटल्या बिचाऱ्या.

पण सुटता सुटता एक घोळ झाला. सुरुवातीच्या वर्षांत आया मूल घेऊन घरी यायच्या आणि त्यांना काही म्हणता काही वाटायचं नाही. पाळण्यात पोर रडायचं आणि या आपल्या शेजाऱ्यांचं रडतंय तसं ऐकत बसायच्या. गरोदरपणात आणि बाळंतपणात बाईच्या रक्तात जी रसायनं वाढतात, त्यांवर माया बरीचशी पोसलेली असते. बाळंतपणच गेलं, तर ती येणार कुठून? काही जणींनी तर पोरं परत नेऊन दिली. हो, परत! माप बसलं नाही म्हणून चप्पल परत करावी तशी. तेव्हा शास्त्रज्ञांची झोप उडाली आणि त्यांनी मायातेल काढलं.

मायातेलाची गोष्ट अगदी सोपी. तान्ह्या बाळाची टाळू तेलाने भरायची रीत आपल्याकडे जुनीच. त्या तेलातच ही रसायनं घातली, आणि ते पहिल्यांदा बारशाला लावायचं ठरलं. तेल टाळूवर पडलं की बाळाच्या अंगाच्या वासात मिसळून उडायला लागतं, आणि जे माणूस पहिल्यांदा वाकून तो वास छातीत भरून घेतं, त्याच्या मेंदूत त्या बाळाची गाठ बसते. बाळाच्या मेंदूतही त्या माणसाच्या वासाची गाठ बसते. दोन्हीकडून आणि कायमची. एका खोल श्वासात औषध संपतं, दुसऱ्याला उरत नाही. मग त्या आईचं पोर नुसतं शिंकलं तरी तिच्या पोटात धस्स होतं.

कैरवीच्या आईच्या पोटात कधी धस्स झालं नाही.

हेमांगी माईणकर वाईट बाई होती असं कुणी म्हणणार नाही. डबा वेळेवर, गणवेश इस्त्रीचा, औषधाची मात्रा बिनचूक. कैरवीने शाळेच्या गच्चीच्या कठड्यावरून मुद्दाम उडी मारून पाय मोडून घेतला, तेव्हाही ती लगेच आली. डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारले, उशी सारखी केली, मऊ भात भरवला. त्याच खोलीत दुसऱ्या एका मुलीचा नुसता अंगठा चेचला होता, आणि तिची आई भिंतीला टेकून हुंदके देत होती. कैरवी आपल्या आईचा चेहरा बघत राहिली. आई बिस्किटाचा पुडा फोडत होती.

त्यानंतर पोरगी बिथरलीच. कपबश्या फोडल्या, दोनदा घरातून पळाली, बाबांना तोंडावर विचारलं, "मला कुठून उचलून आणलंत?" बाबा, म्हणजे श्रीरंग माईणकर, स्वभावाने भित्रे गृहस्थ. "काहीतरीच काय बोलतेस," एवढं म्हणून ते गाडी पुसायला खाली गेले. शेवटी कैरवीने स्वतःच मिरजेला डॉ. तरन्नुम बागवान यांची प्रयोगशाळा गाठली. बाई मायातेल बनवणाऱ्या चमूत होत्या, आता वय झालं होतं, आणि जिभेला हाड तेव्हाही नव्हतं.

"कुशीघरात पेट्या बदलल्या असणार," कैरवी म्हणाली. "मी त्यांची नाहीचे."

डॉक्टरांनी तिची थुंकी घेतली, तिने घरून आणलेले आईबाबांचे केस घेतले, आणि यंत्रात घातले. चहा संपायच्या आत उत्तर आलं.

"त्यांचीच आहेस. नखशिखांत."

कैरवीचं तोंड एवढंसं झालं.

"अगं, लोक हे ऐकून पेढे वाटतात!"

"मग ती माझ्यावर माया का करत नाही?"

डॉक्टरांनी चष्मा काढून तिच्याकडे नीट बघितलं. मग तिच्या डोक्यावर तारांची टोपी चढवली आणि तिच्या पिशवीतली आईची ओढणी तिच्या नाकाशी धरली. पडद्यावरचं मेंदूचं चित्र उजळायला हवं होतं, पण ते काळं आणि थंडच राहिलं. बाबांचा रुमाल धरला, तसंच. डॉक्टरांनी स्वतःचा नॅपकिन धरला, तरी तसंच.

"तुझ्या मेंदूत गाठ आहे," त्या म्हणाल्या. "ही बघ, कोपऱ्यातला हा ठिपका. घट्ट बसलीय. पण ती तुझ्या आईची नाही. बारशाला तुझ्या टाळूवर पहिल्यांदा कोण वाकलं होतं?"

कैरवी घरी आली तेव्हा दुपार होती आणि आई मेथी निवडत बसली होती. बाबा पेपर वाचत होते. कैरवीने उभ्या उभ्याच प्रश्न टाकला. बाबांनी पेपर वर केला, चेहरा झाकला जाईल इतका. आईने मात्र मेथीची काडी मोडली आणि सरळ सांगून टाकलं.

"तुझी मंजिरीआत्या."

"हेमांगी!" बाबा म्हणाले.

"किती वर्षं लपवायचं? तिला विचारायचंय, तिला ऐकू दे."

झालं होतं असं. आत्याने कानात नाव सांगायचं आणि बाळाला पाळण्यात घालायचं, ही घरची रीत. मायातेलाच्या बाटलीवर लिहिलेलं होतं, आधी आईने हुंगावं. पण बाटलीवरचं वाचतो कोण? मुहूर्त टळत होता, हेमांगी पाटावर बसून ओटी भरून घेत होती, बायका कुंकू लावत होत्या, आणि तिकडे कुणीतरी घाईघाईने टाळू भरून बाळ आत्याच्या हातात दिलं. मंजिरी कानाशी वाकली, नाव सांगितलं, आणि लाडाने टाळू हुंगली. मग हेमांगीच्या मांडीवर लेक आली तेव्हा तिने भरभरून श्वास घेतला. तिला खोबरेलाचा वास आला.

"मला वाटलं, होईल हळूहळू," आई म्हणाली. "नाही झालं. मी तुला काही कमी केलं का? सांग."

"नाही."

"मग?"

कैरवीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. आईने उठून तिला रुमाल आणून दिला, आणि तो रुमाल धुतलेला होता.

"आत्या आपल्याकडे येत का नाही?"

आता बाबांना बोलणं भाग पडलं. मंजिरी रोज यायची. तिचं नवं लग्न झालेलं, पण ती सासरी जाईना. फाटकाशी उभी राहायची, बाळ रडलं की बाहेरून हाका मारायची. चाळीत चर्चा सुरू झाली. आई कोण आणि आत्या कोण, म्हणून लोक हसायला लागले. तेव्हा श्रीरंगरावांनी सही करून बहिणीला उतारा दिला. उतारा म्हणजे गाठ सोडवायचं औषध. गाठ सुटते, पण तिच्या जागी कोरी जागा राहत नाही. ज्या वासावर जीव होता, त्याच वासाने पुढे मळमळतं.

"तिच्या भल्यासाठीच केलं," बाबा म्हणाले.

कैरवी आत्याकडे जाऊन आली. मंजिरीआत्याने हसून दार उघडलं, कोकम सरबत दिलं, कितवीला आहेस विचारलं. तिच्या ओढणीचा वास आला आणि कैरवीने हातातला पेला खाली ठेवला. आयुष्यभर जी भूक कशाची आहे हे कळत नव्हतं, ती हीच. ती पुढे होऊन आत्याला बिलगली. आत्या क्षणभर ताठ उभी राहिली, मग हळूच तिचे हात सोडवले, मोरीत गेली आणि ओकली. तोंड पुसत परत आली तेव्हा ती खरंच शरमली होती. "तू छान मुलगी आहेस गं," ती म्हणाली, "पण पुन्हा नको येऊस." आणि तिने सगळ्या खिडक्या उघडल्या.

त्यानंतर पोरीने जो हट्ट धरला, तो धरलाच. आईने मायातेल घ्यायचं. आता, या वयात. नाही घेतलं तर बारशाचा सगळा किस्सा ती शाळेत आणि आईच्या ऑफिसात सांगणार होती.

"होतं का असं?" हेमांगीने डॉक्टरांना विचारलं.

"मोठ्या माणसाचा मेंदू मात्रा वाढवली की ऐकतो," डॉ. बागवान म्हणाल्या. "तुम्हाला हिची माया लागेल. पण ए पोरी, कान देऊन ऐक. तुझी बाजू पाळण्यातच बांधली गेली. तान्ह्या मेंदूची गाठ एकदाच बसते, पुन्हा नाही. हिला तुझी माया लागेल, तुला हिची लागणार नाही."

"माझं मी बघेन. तिचं करा."

हेमांगी हातातल्या पर्सचा पट्टा पिळत होती. "मला भीती वाटते," ती म्हणाली. आजवर कैरवीने तिला असं बोलताना ऐकलं नव्हतं. "आत्ता मला काही वाटत नाही, म्हणून मी सुखी आहे. उद्या वाटायला लागलं, तर मागचं सगळं आठवेल ना? मी कशी वागले ते?"

"आठवू दे की," कैरवी म्हणाली. "मला आठवतंय तसं."

डॉक्टरांनी कैरवीच्या केसांत तेल जिरवलं. हेमांगी वाकली आणि तिने श्वास घेतला. मग तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून बाहेरच्या बाकावरचे लोक उठून उभे राहिले. ती खाली बसली, कैरवीचा मोडून जुळलेला पाय तिने दोन्ही हातांनी धरला आणि त्याच्यावर कपाळ आपटायला लागली. "मी बिस्किट खात होते गं," ती म्हणत होती. "तू तिथे पडली होतीस आणि मी बिस्किट खात होते."

कैरवी वाट बघत होती. याच क्षणासाठी तिने जिवाचा आटापिटा केला होता. आता छातीत काहीतरी सुटेल, आता रडू येईल. ती वाट बघत राहिली. तिला पाय दुखतोय एवढंच जाणवलं, आणि लोक बघताहेत म्हणून लाज वाटली. तिने आईला रुमाल दिला.

पुढचे दिवस कसे गेले, विचारू नका. हेमांगीने नोकरी सोडली. शाळेच्या फाटकाशी ती सकाळी उभी, दुपारी उभी. जुने फोटो काढून ती एकेकाची माफी मागायची, तान्ह्या कैरवीची, बालवाडीतल्या कैरवीची. आणि सतत विचारायची, "तू रागावलीस का माझ्यावर?" कैरवी खरं तेच सांगायची, "नाही." रागवायला तरी काही वाटावं लागतं. वर्गातली पोरं खिदळायची, "तुझी मम्मी आली बघ, फाटक चाटायला." तिला आईची दया येत नव्हती. तिला आईची अडचण होत होती.

एका रविवारी जेवणं आटोपल्यावर ती बाबांना म्हणाली, "तुम्ही आत्याला दिलात तो उतारा हिलाही द्या ना."

श्रीरंगरावांनी हातातला तांब्या खाली ठेवला. "अगं, नंतर तिला तू समोर आलीस तरी मळमळेल. मंजूचं बघितलंस ना?"

"बघितलंय. मी वसतिगृहात राहीन."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती ओरडली नाही, रडलीही नाही. जवळ आली, पण हात लावला नाही, कारण हात लावलेला कैरवीला आवडत नाही हे तिला आता कळत होतं.

"त्याने तुला बरं वाटेल?" तिने विचारलं.

कैरवीने खरोखर विचार केला. "हो," ती म्हणाली.

"मग घेते मी," आई म्हणाली, आणि कोपऱ्यातल्या चपला पायात सरकवायला लागली.