रिकाम्या खोलीचे मिनिट

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी गॅसवर पाणी ठेवले, खिडक्या लावल्या, फ्रिज बंद केला आणि ताईच्या खोलीतले भिंतीवरचे घड्याळ उतरवून कपाटातल्या स्वेटरांमध्ये गुंडाळून ठेवले. सव्वासहाला ताईने वाफ घेतली. साडेसहाला ती टेबलाशी बसली, पदराने चष्मा पुसला आणि संगणकाला थेट जोडलेल्या मायक्रोफोनसमोर शरीररचनेच्या पाठ्यपुस्तकाचे पहिले पान तिने वाचले. पावणेसातला आम्ही ते ऐकले. तिच्या आवाजामागे सतत खरखर होती. शेजारी बसून कुणी वाळू चाळत असावे तशी.

"हे मुलांना ऐकवायचं?" ताई म्हणाली. "मापाड्या, त्यापेक्षा मी प्रत्येकाच्या घरी जाऊन वाचून येते."

मापाड्या हे तिने मला दिलेले नाव. मी कान तपासण्याच्या दवाखान्यात नोकरी करतो. कुणाला किती ऐकू येते याची मापे घेण्यात माझी उमर गेली. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. भौतिकोपचार शिकणाऱ्या अंध विद्यार्थ्यांना ती बावीस वर्षे पाठ्यपुस्तके वाचून दाखवत आली होती. पुस्तकातली आकृती ती शब्दांत अशी उतरवी की ऐकणाऱ्याचा हात आपोआप स्वतःच्या खांद्याकडे, गुडघ्याकडे जाई. मी डोळस असून खांद्याचा सांधा मला तिच्याकडून ऐकल्यावर कळला.

तिच्या स्वरयंत्रावर गाठ होती. शस्त्रक्रिया एकवीस दिवसांवर आली होती. गाठ ठेवली तर जिवाशी गाठ, आणि काढली तर आवाज राहीलच असे नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते. दवाखान्यातून परतताना जिन्यात थांबून ताई मला म्हणाली होती, "आवाज जाणारच असं कुणी मला लिहून दिलं, तर मी त्या टेबलावर चढणार नाही. तुला आधी कळलं तर लपवायचं नाही." मी मान डोलावली होती.

हाती होते ते एकवीस दिवस, एकतीस प्रकरणे आणि ही खरखर. दोष संगणकाच्या आतल्या साउंड कार्डाचा होता. बाहेरून जोडायचे एखादे बरे कार्ड हवे होते, आणि ते आमच्या ऐपतीतले हवे होते.

दुकानदाराने काउंटरवर तीन कार्डे मांडली.

"गायचंय की वाजवायचंय?"

"वाचायचंय. माझ्या बहिणीला."

"मग हे दोन मायक्रोफोनचं कशाला बघताय? ताई एकाच तोंडाने वाचणार ना?"

मी प्रत्येक कार्डाला मायक्रोफोन जोडायला लावला, आवाजाची कळ शेवटपर्यंत फिरवली आणि हेडफोन लावून काहीच न बोलता बसलो.

"लोक गाणी लावून बघतात हो," तो हसला. "तुम्ही शांतता ऐकताय."

"खोट शांततेतच सापडते," मी म्हणालो.

पहिल्या कार्डात बारीक फसफस होती. दुसऱ्यात एक किरटी शिटी. तिसरे सर्वांत स्वस्त. राखाडी डबी, एकच भोक, एकच कळ. त्यात काहीच ऐकू आले नाही. ते बंद असावे असे मला वाटले. मग कसलीशी स्वच्छ घासघास कानी आली. वर पाहिले तेव्हा दुकानदार काउंटरच्या दुसऱ्या टोकाला उभा राहून अंगठ्याने हनुवटी खाजवत होता.

वेष्टनावर छापलेल्या आकड्यांपेक्षा वस्तू सरस निघाल्याचा अनुभव मला पहिलाच. मी ते घेतले.

आमच्या कामाला दोन नियम होते. वाचताना चूक झाली की ताई पेन्सिलीच्या मागच्या टोकाने टेबलावर दोनदा ठकठक करी आणि वाक्य पुन्हा वाची. पडद्यावरच्या आवाजाच्या आलेखात ते दोन ठोके टाचण्यांसारखे उठून दिसत आणि मला चुकीचा भाग कापणे सोपे जाई. दुसरा नियम असा, की रोज वाचनाआधी रिकाम्या खोलीचे एक मिनिट ध्वनिमुद्रित करायचे. कापलेल्या जागी ठिगळ लावायला त्याच खोलीची, त्याच दिवसाची शांतता लागते.

पहिले चार दिवस कार्डाने डोळे दिपवले. ताईच्या आवाजातला तो किंचित चिरका काठ, श्वास घेण्याआधी ओठ विलग होण्याचा आवाज, सारे जसेच्या तसे. "गुणी आहे हो तुझी डबी," ताई म्हणाली.

पाचव्या दिवशीच्या रिकाम्या मिनिटात पान उलटल्याचा आवाज होता.

खोलीत कुणी नव्हते. ताई स्वयंपाकघरात होती, मी दाराबाहेर. मी आवाज दसपट वाढवला. पानामागून, खूप दुरून, ताईचा आवाज आला: "नडगीच्या आतल्या अंगाला..." दोन ठोके. "नडगीच्या बाहेरच्या अंगाला एक बारीक हाड असते."

जुन्या फाइलचा तुकडा मिसळला असेल, असे मी ठरवले. पण नडगीचे प्रकरण अजून वाचलेच नव्हते. ते तिने दुसऱ्या दिवशी वाचले. त्याच शब्दाला अडखळली आणि दोनदा ठकठक केली.

मी चाचणी घेतली. नवव्या दिवशीच्या मिनिटात मणक्याचे प्रकरण होते, आणि दुसऱ्या दिवशी क्रमाने येणार होते फुप्फुसांचे. मी हायसे वाटून गप्प राहिलो. पण दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता ताईच म्हणाली, "आज मणका घेऊ या का रे? फुप्फुसांना दम लागतो, आणि आज तो माझ्यापाशी नाही."

तेव्हा मी तिला सांगितले. तिने हेडफोन मागितला. तो माझ्या मापाचा, पट्टी शेवटच्या खाचेपर्यंत ओढलेली. ती तिने तिसऱ्या खाचेवर आणली. "डोकं आहे की भोपळा," असे पुटपुटत तिने ते मिनिट शेवटपर्यंत ऐकले. घाबरली नाही. वाचनाकडे ती जशी कान देई तसाच तिने याकडे दिला.

"बरं वाचलंय," ती म्हणाली. "म्हणजे उद्या घसा ठीक असणार."

"ताई, हे शक्य नाही."

"नसेल. पण बोलणं स्वच्छ ऐकू येतंय ना? मग काम कर. आणि उद्याचं आज ऐकत बसू नकोस."

अठराव्या दिवसापर्यंत तीस प्रकरणे झाली. आता तिचा आवाज दुपारपर्यंतही टिकत नव्हता, पण प्रत्येक वाक्य ती त्याच्या शेवटच्या अक्षरापर्यंत सांभाळून नेई. डॉक्टरांनी उरलेले दिवस मौन पाळायला सांगितले. शेवटचे प्रकरण हाताचे होते. ताईने पाटीवर लिहिले: 'हात नंतर.'

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी वाचन नव्हते. तरीही सकाळी मी खोली रिकामी केली आणि एक मिनिट ध्वनिमुद्रित केले. यानंतर होणारे वाचन हाताचेच असणार होते. ते तिच्या आवाजात असेल, तर तिला सांगण्यासारखी याहून चांगली बातमी नव्हती. ऐकायचा धीर मात्र झाला नाही. मी फाइल तशीच ठेवून कामावर गेलो.

संध्याकाळी सहाला परतलो. ताई गॅलरीत कपडे घडी करत होती. मी तिच्या खोलीत जाऊन हेडफोन उचलला, तो कानशिलांना आवळला, म्हणून सवयीने पट्टी ओढली आणि कळ फिरवली.

पान उलटले. कोपऱ्याला हलकी टिचकी देऊन. ताई उलटते तसे.

मग आवाज आला.

"अंगठ्यात तीन हाडे असतात, आणि इतर प्रत्येक बोटात..."

आवाज माझा होता.

मी चुकलो होतो, आणि ते मला कळले नव्हते. मी पुढे वाचतच होतो. मध्येच कुणीतरी पेन्सिलीने दोनदा ठकठक केली. मी थांबलो. "अंगठ्यात दोन हाडे असतात."

मिनिट संपले.

ती ठकठक ताईचीच होती. ती माझ्याशेजारी असणार होती, चुका पकडत. पण वाचणार मी होतो. याहून स्पष्ट कुणी काय लिहून देणार? जिन्यातला शब्द मला आठवत होता. गॅलरीतून कपडे झटकल्याचा आवाज येत होता.

मी ती फाइल पुसून टाकली.

जेवताना ताईने पाटी पुढे सरकवली. 'ऐकलंस?'

"ऐकलं," मी म्हणालो. "काही नाही. नुसती खोली."

तिने माझ्याकडे क्षणभर पाहिले. मग लिहिले: 'गुणी आहे.'

सकाळी सात वाजता तिची पिशवी दारापाशी तयार होती. वर पाठ्यपुस्तक ठेवलेले, शेवटच्या प्रकरणात खूण घातलेली. मी ते उघडले. ओळींमध्ये पेन्सिलीने बारीक रेघा मारल्या होत्या. कुठे श्वास घ्यायचा, कुठे थांबायचे. बावीस वर्षांत ताईने स्वतःसाठी अशी एकही रेघ मारली नव्हती. नवख्या वाचकाला लागतात तशा त्या होत्या. आकृतीच्या समासात लिहिले होते: 'घाई करू नकोस. आधी त्यांना स्वतःचा अंगठा धरू दे.'

काल संध्याकाळी हेडफोन कानशिलांना का आवळला होता, ते मला तेव्हा उमजले. पट्टी तिसऱ्या खाचेवर होती, ताईच्या मापाची.

मी ते वाक्य शोधले. 'अंगठ्यात दोन हाडे असतात.' 'दोन' या शब्दाखाली पेन्सिलीचे दोन ठिपके होते.

ताई चपला घालून उभी होती. मी पुस्तक मिटून पिशवीत ठेवले आणि पिशवी उचलली. डॉक्टरांनी बोलायला मनाई केली होती, तरी दार उघडताना ती म्हणाली, "चल."

तेवढाच शब्द. मी तो नीट ऐकून घेतला, आणि तिच्यामागून जिना उतरू लागलो.