वळणावरच्या टापा

"पळा! आई पडली!"

गोटू ओरडला आणि कुंपणाखालून सुळकन पलीकडे गेला. त्याच्यामागे त्याची मावसबहीण चिमणी, आणि तिच्यामागे तिचा धाकटा भाऊ. तो सतत तिच्या मागे मागे असायचा, म्हणून सगळे त्याला शेपूटच म्हणत.

गोटूची आई, म्हणजे चिमणीची मावशी, वाळूत बसून खांदा चोळत होती. "काही नाही रे, हातपाय शाबूत आहेत!" ती हसली खरी, पण तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. शेजारी रेशीम घोडी मागच्या रिकाम्या धावपट्टीकडे बघत उभी होती. ती एकदा लांब खिंकाळली आणि उत्तराची वाट बघावी तशी गप्प झाली.

चिमणीनेही त्या रिकाम्या धावपट्टीकडे वळून पाहिलं.

मावशीच्या तबेल्यालगतच्या मैदानावर शर्यतीचा सिनेमा बनत होता. सारखी हरणारी एक मुलगी आणि कुणालाच नको असलेली तिची घोडी शेवटी मोठी शर्यत जिंकतात, अशी त्याची गोष्ट. नायिकेला घोड्यावर धड बसताही येत नव्हतं, म्हणून तिचे कपडे घालून मावशीच घोडी पळवायची. पण प्रेक्षकांच्या लाकडी गॅलरीजवळचं वळण आलं, की सिनेमावाल्यांनी मावशीकडून विकत घेतलेली रेशीम अडायची. रोज!

"हट्टी जनावर!" दिग्दर्शक तणतणत आले. "दुपारी शेवटचा प्रयत्न. बुटांच्या टाचांना काटे लावून टोचा तिला! तरी नाही पळाली तर दुसरी घोडी आणू आणि हिला विकून टाकू!"

मावशीने रेशीमचा लगाम धरला. घोडीला नेताना ती हळूच चिमणीला म्हणाली, "वेड्यासारखं वाटेल, पण त्या वळणावर माझ्यामागून कुणीतरी येतं गं. वळून बघते, तर कुणीच नसतं."

जेवणाच्या सुट्टीत मैदान ओस पडलं. आभाळ भरून आलं होतं, वारा पडला होता. तिघं वळणावर जाऊन बसली.

"भूत निघालं तर आधीच सांगतो, मी पळणार!" गोटू म्हणाला.

"तू? तुला जिना चढताना धाप लागते!"

"श्श! ऐका ना!" शेपूट कुजबुजला.

टप्, टप्, टप्, खर्र... टप्, टप्, टप्, खर्र...

घोडा भरधाव येत होता! आवाज जवळ आला, अगदी पुढ्यात आला. पण समोर वाळूचा एक कणही हलला नाही. शेपटाने ताईचा हात गच्च धरला.

चिमणी कान देऊन ऐकू लागली. मागचा एक पाय घासत पळणारी ही चाल तिच्या ओळखीची होती.

"ढगोबा!"

रेशीमच्या शेजारच्या ठाणावर राहणारा करडा, म्हातारा ढगोबा! गेल्या सुट्टीत चिमणी त्याला स्वतःच्या हाताने गाजरं भरवायची. यंदा ती आली तेव्हा त्याचं ठाण झाडून रिकामं केलेलं होतं.

"प-पण तो तर मेला ना?" गोटूची बोबडी वळली.

"थांब!" चिमणीने कुंपणाचा खांब धरला. खरा घोडा जवळून गेला की खांब हाताला हादरा द्यायचा. आता तो गपगार होता. "इथे घोडा नाहीच! नुसता आवाज आहे. गॅलरीखालून येतोय!"

कोळिष्टकं बाजूला सारत ती आत सरकली. फळ्यांमागे काळा स्पीकर होता. त्याची वायर चटयांखालून थेट ध्वनीवाल्या काकांच्या गाडीत गेली होती. काका कानांवर हेडफोन चढवून आत बसले होते.

"काका, तुमच्या टापा गॅलरीखालच्या स्पीकरमधून बाहेर ऐकू येतायत!"

"छे! घोडी पळताना मी तिच्याशी टापा जुळवतो, सुट्टीत पुन्हा वाजवून बघतो, पण त्या फक्त माझ्या कानात वाजतात. गर्दीच्या दृश्यासाठी लावलेला तो स्पीकर कधीच बंद केलाय मी. पळा आता!"

चिमणीने वाद घातला नाही. दिग्दर्शक चहा घेऊन गॅलरीत बसताना तिला दिसले. तिने गोटूला डोळा मारला.

"काका, तुमच्या गाडीचं मागचं चाक बसलंय वाटतं!" गोटू म्हणाला.

काका लगबगीने उतरले. तेवढ्यात शेपटाने गाडीतला माइक तोंडाशी धरला. "दिग्दर्शककाका, मी तुमच्या खुर्चीखाली आहे!"

दिग्दर्शक ताडकन उडाले. सगळा चहा पँटवर! आरडाओरडा ऐकून मावशीही धावत आली.

"बंद करायचा राहिला खरा," काका ओशाळून म्हणाले. "गेल्या वर्षी इथल्याच एका करड्या घोड्याच्या टापा भरून नेल्या होत्या. त्याच वाजवत होतो."

मावशीने रिकाम्या वळणाकडे पाहिलं. "म्हणजे रेशीम अडत नव्हती," ती म्हणाली. "ती ढगोबासाठी थांबत होती."

स्पीकर काढला. काटे न लावताच मावशी स्वार झाली आणि तिने घोडी सोडली. वळणावर रेशीम मंदावली, तिचे कान मागे वळले. मागून कुणीच येत नव्हतं. मावशीने खाली वाकून तिच्या मानेवर हात ठेवला. क्षणभराने रेशीमने मान पुढे घातली आणि ती अशी सुटली, की कॅमेरावालासुद्धा ओरडायला लागला!

"पोरांनो, चूक आमची आणि शिक्षा मुक्या जनावराला!" दिग्दर्शकांनी तिघांची पाठ थोपटली. "आज तुम्ही मावशीलाही वाचवलंत आणि घोडीलाही. शाबास!"

"त्या जुन्या टापा पुसून टाकू का गं?" ध्वनीवाल्या काकांनी चिमणीला विचारलं.

"नको! रेशीम पडद्यावर पळेल ना, तेव्हा त्याच लावा."

मावशीने चिमणीला जवळ ओढलं. "शहाणी गं माझी! आम्ही सगळे रेशीमला पळवायला बघत होतो. ती का थांबते, हे तुम्ही शोधलंत."

मग मात्र चिमणीने मावशीच्या धुळीने माखलेल्या सदऱ्यात तोंड खुपसलं, आणि ढगोबा गेल्याचं कळल्यापासून पहिल्यांदाच ती पोटभर रडली.