फुग्यातलं पाणी

सकाळी पट्टी बदलायला गेलेली सिस्टर धावतच बाहेर आली. "डॉक्टर, आजोबांची लघवीची नळी नाहीये!"

सर्जनबाई पोचल्या तेव्हा आजोबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. चादरीवर रक्ताचे थेंब.

"ऑपरेशन थिएटर तयार करा," बाई सिस्टरला म्हणाल्या.

प्रोस्टेटच्या कॅन्सरवर दिलेल्या किरणांनी आजोबांची लघवीची वाट आवळून गेली होती. परवाच बाईंनी पोटावरच्या बारीक छिद्रांतून, दुर्बिणीनं, ती नव्यानं जोडली होती. शिवण भरेपर्यंत नळी हलता कामा नये. आतल्या टोकाचा पाण्यानं भरलेला फुगा तिला धरून ठेवतो. तो रिकामा करून काढली असेल, तर शिवण वाचली. तसाच ओढला असेल, तर फाटली. आणि किरणांनी भाजलेल्या मांसात पुन्हा टाका टिकत नाही.

"कुणी काढली?"

आजोबांनी डोळे मिटून घेतले.

"मी बाहेर बाकावर होतो," आजोबांचा मुलगा म्हणाला. "सफाईवाल्या मावशींना विचारा."

"माझ्या नावानं बिल फाडू नका हं!" मावशी कडाडल्या. "मी फरशी पुसली. आजींनी साबण मागितला, तो दिला. संपलं."

आजी खिडकीला पाठ लावून उभ्या होत्या. हलायला तयार नाहीत.

बाईंनी उशीजवळचा टॉवेल उलगडला. दातांचे वण.

"परक्यानं ओढली असती तर हे ओरडले असते," बाई म्हणाल्या. "यांनी टॉवेल चावला. ओढणाऱ्या हाताला वाईट वाटू नये म्हणून."

त्यांनी आजींना हलकेच बाजूला करून पडदा सारला. खिडकीच्या गजावर नळी टांगलेली होती. स्वच्छ धुतलेली.

"घरी रोज नळी घालायची, काढायची, धुऊन वाळवायची. तुम्हीच ना, आजी?"

"दोन वर्षं," आजी पुटपुटल्या. "आज कुणी काढेचना. म्हटलं, धुऊन परत घालू. घरची कशी सुळकन यायची हो! ही अडली. मग मी जोर केला."

"घरच्या नळीला फुगा नसतो." बाई मुलाकडे वळल्या. "हिला असतो, हे मी तुम्हाला चित्र काढून समजावलं होतं. आईला सांगितलंत?"

"आईशी असलं कसं बोलायचं, डॉक्टर?"

"जे त्या दोन वर्षं हातानं करत होत्या, ते तुम्हाला तोंडानं झेपलं नाही. नळी आजींनी ओढली. घात तुमच्या गप्प बसण्यानं केला. आणि मीही त्यांना वगळून तुमच्याशीच बोलले."

"पण शिवण वाचली ना?" आजींनी विचारलं.

बाईंनी नळीचं टोक चिमटीत धरलं. फुगा अजून टपोऱ्या द्राक्षासारखा टच्च होता.

आजोबांनी पहिल्यांदाच तोंड वळवलं. बाईंकडे बघत हळूच मान हलवली. नका सांगू.

बाईंनी आजींचा हात हातात घेतला. "बसा आजी. यापुढे जे काही असेल, ते आधी तुम्हाला सांगणार."