दुसऱ्या पाहुणीचं नाव

हे ऐकीव नाही. प्रशांत माझा सख्खा मावसभाऊ. त्याला थापा मारायची खोड आहे, पण ही थाप नाही. मागच्या डिसेंबरची, काचीगुडा स्टेशनजवळच्या एका हॉटेलातली गोष्ट. तीही भर दुपारची.

प्रशांत औषध कंपनीत. नांदेडहून दर महिन्याला हैदराबाद, आणि उतरायचं ठिकाण ठरलेलं. त्या हॉटेलचं गोल्ड मेंबरचं कार्ड तो जिवापाड जपायचा. जोडीने राहिलं की पॉइंट दुप्पट, म्हणून लग्नाआधीच पठ्ठ्याने फॉर्मवर खोटी बायको लिहून ठेवली होती.

तारामती.

सुचलं ते नाव लिहिलं. अशी कुणी बाई नव्हतीच.

त्या दिवशी तो पहिल्यांदाच रेणूला, म्हणजे खऱ्या बायकोला, घेऊन आला. पॉइंटांवर दोन दिवस फुकट, वर मोठी खोली. गाडीत त्याने हेच ऐकवून तिचे कान किटवले.

मिळाली मागची खोली. पोपडे आलेल्या भिंती, कुबट वास. बॅगा तिथेच टाकून दोघं खाली आले.

"गोल्ड मेंबर को ऐसा रूम?" प्रशांत काउंटरवर भडकला.

"मैं तो बडा रूम दे रहा था साब," काउंटरवरचे वयस्कर गृहस्थ म्हणाले. "मॅडम नक्को बोले. येइच रूम होना बोले."

"कौन मॅडम?"

"आपके मॅडम... तारामती मॅडम. सुबहिच आ गए उनो."

रेणूचा चेहरा उतरला. "प्रशांत, कोण तारामती?"

त्याने सगळं कबूल केलं. ते नाव तिथल्या तिथे काढायला लावलं, रेणूचं घालायला लावलं. पण तिचा विश्वास कुठला बसायला? "मी बॅग आणते, आपण घरी जाऊ," म्हणत ती एकटीच वर गेली.

दहा मिनिटं झाली...

पंधरा झाली...

प्रशांत वर धावला. दार आतून बंद.

"रेणू!"

आत... बांगड्या वाजल्या.

रेणू बांगड्या घालत नाही.

मग अगदी दाराला लागून आवाज आला... "अहो..."

रेणू त्याला अहो म्हणत नाही.

कडी निघाली. रेणू पलंगावर एकटीच बसलेली. सकाळपासून मोकळे असलेले केस आता घट्ट वेणीत.

"त्या बाई कुठे गेल्या?" तिने विचारलं. "वेणी घालून देत होत्या. सारखं एकच विचारत होत्या... माझं नाव का काढलं?"

बॅगा तिथेच सोडून दोघं पळाले.

चार महिने काही झालं नाही. परवा मी नांदेडला त्यांच्या घरी बसलो होतो. प्रशांतच्या मोबाइलवर हॉटेलचा मेसेज आला. त्याने तो माझ्यापुढे धरला.

'आपल्या विनंतीनुसार दुसऱ्या पाहुण्याचं नाव बदललं आहे. रेणू यांच्या जागी तारामती.'

त्याने कसलीच विनंती केली नव्हती.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून रेणूने हाक मारली...

"अहो, चहा टाकू का?"

प्रशांतने माझा हात घट्ट धरला. मी तो सोडवला आणि चहा न घेताच निघालो. त्याची लाज अजून वाटते, पण परत जायची हिंमत होत नाही.