हौदाच्या काठावरची हाक

कास्तेल्वेरो गावचा बाजार शुक्रवारचा. थंडी सरता सरता द्राक्षवेली बांधायला विलोच्या झाडाच्या ओल्या, लवचीक काड्या लागतात, त्याच विकायला ओर्सोला डोंगरावरून खाली आली होती. चौकातल्या कमानीखाली तिनं भारा टेकवला आणि गिऱ्हाइकाची वाट पाहत बसली.

समोरच गावाझ्झाचं वाईनचं दुकान. तिथं चार माणसं जमली आणि गावाझ्झानं आपला नेहमीचा विनोद काढला. त्याच्या हौदात एक मजूर मेला होता ना, त्या सालची वाईन जरा जास्तच चढते म्हणे. मजुरालाही चढलेलीच होती.

माणसं हसली.

तो मजूर म्हणजे ओर्सोलाचा धाकटा भाऊ, देल्मो. पोटाच्या दुखण्यामुळे तो वाईनला शिवतही नसे. पण या विनोदानं त्याला मेल्यावर दारुडा करून टाकलं होतं. त्याच्या लेकीला शाळेत त्यावरून चिडवत, आणि पोर रडत घरी येई.

ओर्सोलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती सरळ दुकानात शिरली.

"मालक, माझा भाऊ प्यायलेला नव्हता. चौकात उभं राहून सांगा तसं."

गावाझ्झा हसला. म्हणाला, द्राक्षं आंबताना हौदात विषारी वायू साठतो, हे शेंबडं पोरही जाणतं. शुद्धीवरचा माणूस त्यात उतरेल कशाला? चल, हौदच दाखवतो तुला.

तळघराच्या पायऱ्या उतरताना ओर्सोलाला वास आला. आंबणाऱ्या ताज्या द्राक्षांचा, आंबटगोड, घशात बसणारा. हौद तर हिवाळ्यातच रिकामा करून धुतलेला. आत कोरडा दगड दिसत होता.

गावाझ्झानं रिवाजाप्रमाणे दोरीला बांधून मेणबत्ती आत सोडली; विषारी वायू असला की ज्योत विझते. ती अर्ध्यावर विझली. पुन्हा पेटवली. पुन्हा विझली.

"वात ओली असेल," तो पुटपुटला.

"काय मालक, घाबरलात की काय?" मागोमाग आलेल्या गिऱ्हाइकांपैकी कुणीतरी पायऱ्यांवरून चिडवलं. झालं. त्यानं कमरेला दोरी बांधली, तिचं टोक ओर्सोलाच्या हाती दिलं आणि शिडीवर पाय ठेवला.

हौदात माणूस उतरला की वरच्यानं सारख्या हाका मारायच्या आणि खालच्यानं प्रत्येक हाकेला ओ द्यायची. ओ आली नाही की दोरी ओढायची. देल्मो उतरला तेव्हा काठावर हा गावाझ्झाच होता. देल्मोला तसाच सोडून तो चौकात कॉफी प्यायला गेला होता. कॉफीवालीनं हे ओर्सोलाला गुपचूप सांगितलं होतं. चारचौघांत बोलायची तिची छाती नव्हती.

ओर्सोलानं ओठ घट्ट मिटले. हाक मारायची नाही. दोरी तिनं पायाशी टाकून दिली. मर, ती मनात म्हणाली.

"ओ," खालून आवाज आला.

ती दचकली. तळघरात कुणीच हाक मारली नव्हती.

"ओ..." थोड्या वेळानं पुन्हा. मग धडपडल्याचा, शिडी करकरल्याचा आवाज. "ओ... आलो... आलो रे, देल्मो..."

गावाझ्झा वर आला तो पांढराफटक होऊन. तडक चौकात गेला, कारंज्याच्या कट्ट्यावर चढला आणि भर बाजारात म्हणाला, "देल्मो पीत नव्हता. मीच त्याला उतरवलं, आणि मीच सोडून गेलो."

माणसांनी टोप्या काढल्या. कॉफीवालीनं छातीवर क्रूसाची खूण केली. ओर्सोलाला हवं ते मिळालं होतं. तरी तिच्या छातीतली आग काही विझेना.

"ओ," गावाझ्झा मध्येच म्हणाला.

लोक एकमेकांकडे पाहू लागले.

"ओ... अरे, आलो ना वर..." तो कट्ट्यावरून उतरला. ओर्सोलाचा हात धरून हळूच म्हणाला, "तो हाका मारायचा थांबत नाहीये गं. त्याला सांग ना, मी वर आलोय. तुझं ऐकेल तो."

एका शब्दाचं काम होतं. ओर्सोलानं हात सोडवला आणि भारा डोक्यावर घेतला.

"तूच सांग," ती म्हणाली. जन्मात पहिल्यांदाच तिनं त्याला अरेतुरे केलं.

वेशीपर्यंत त्याच्या ओ तिच्या मागून येत होत्या. आधी सावकाश, मध्ये श्वास घेऊन. मग जवळजवळ. मग लागोपाठ, जणू काठावरच्याला खालचा माणूस हातचा जाताना दिसत होता आणि तो हाकांवर हाका मारत होता.

आणि गावाझ्झा तर भर उन्हात, चौकाच्या मधोमध उभा होता.