निळा दोरा संपला होता

"नव्या सुनेला इस्सेईच्या ताटासमोर बसवू नकोस. तिच्या चेहऱ्यावर काय उमटेल, ते मला आज बघवणार नाही."

स्वयंपाकघरात सुमिएकाकू आपल्या मुलीला, कोझुएला, हे सांगत होत्या. मी दाराबाहेर काकड्यांची पिशवी घेऊन उभी. माझ्या चेहऱ्यावर कधी काही उमटतच नाही, अशी माझ्या आईची जुनी तक्रार आहे. पण ते आत जाऊन सांगण्यासारखं नव्हतं. मी पाऊल न वाजवता परत फिरले आणि पिशवी पुन्हा गाडीत ठेवून आले.

लग्नानंतरचा हा आमचा पहिला उन्हाळा. युसाकुचा बेत असा, की हॉटेल नको. ओकायामाहून गाडी काढायची आणि किनाऱ्याकिनाऱ्याने त्याच्या सगळ्या माणसांकडे एकेक रात्र उतरायचं. म्हणजे प्रत्येक घरी बायको दाखवायची आणि प्रत्येक घरून भाजी भरून घ्यायची. कुरायोशीच्या मित्राने वाकड्यातिकड्या काकड्या दिल्या, आत्याने कलिंगड. तेरा ऑगस्टला, ओबोनच्या, म्हणजे पितरांच्या सणाच्या, पहिल्या संध्याकाळी, आम्ही मित्सुगुकाकांच्या गावात शिरलो. पितरांना घर सापडावं म्हणून दारोदार काड्यांचे जाळ पेटले होते. काकांच्या दारातही होता, आजीआजोबांसाठी. शेजारी काकडीला काड्यांचे चार पाय टोचून केलेला घोडा, म्हणजे पितर लवकर येतात. परत जाताना त्यांना वांग्याची गाय मिळते. तिला घाई नसते.

इस्सेई काकांचा मुलगा. तीन वर्षांपूर्वी, थंडीच्या तोंडावर, माकूल पकडायला समुद्रात गेला. होडी सापडली, तो नाही. काका आणि कोझुए म्हणत, आता त्याला पितरांत घेऊ, त्याच्या नावाने जाळ लावू. काकू म्हणत, तो प्रवासात आहे. घरचं माणूस दूर गेलं की त्याच्या नावाने ताट वाढायची आमच्याकडे रीत आहे. जिवंत माणसाचं ताट. जेवणं झाली की साराच्या वाटीचं झाकण उचलून बघायचं; आतून दव धरलं असेल तर माणूस सुखरूप. काकू तीन वर्षं रोज ते झाकण उचलत होत्या. आणि ज्याचं ताट वाढलेलं आहे त्याच्यासाठी घोडा कोण करणार? हे सगळं युसाकुने मला वाटेत सांगितलं होतं, रस्त्यावरची नजर न काढता.

आम्ही पाच जण, टेबल सहांचं. शेवटी मी त्या ताटासमोरच बसले. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, आणि काय वाटलं कोण जाणे, त्या ताटातली रिकामी वाटी माझ्यापुढे सरकवली. मी कढत सार वाढलं. वाफ बोटांना चटका देऊन गेली. झाकणही मीच ठेवलं.

जेवणानंतर ओसरीवर कलिंगड कापलं. एरवी इथून माकूलवाल्यांच्या होड्यांचे दिवे दिसतात. ओबोनमध्ये कोणी होडी काढत नाही, त्यामुळे समोर नुसता काळोख. युसाकुने काकांना भुताची गोष्ट सांगायचा आग्रह धरला.

कोझुए म्हणाली, "बाबांची भुतं दर वर्षी तीच असतात. कपडेसुद्धा बदलत नाहीत."

"या वर्षी नवीन आहे," काका म्हणाले. "सूनबाई आली आहे ना."

त्यांच्या ओळखीचा एक माणूस. गेल्या वर्षीची हीच रात्र. बायकोने त्याला टोफू आणायला पिटाळलं. दुकानदाराशी गप्पा झाल्या, टोफू घेतलं, छोटा टेम्पो घेऊन तो समुद्राच्या रस्त्याने परत निघाला. बोगद्यातून बाहेर पडला तर दिव्यांच्या उजेडात एक पोरगा. पाठमोरा. गावाकडे चाललेला. अंगावरून पाणी निथळत होतं. याने टेम्पो थांबवला. तो काही न बोलता मागे चढला.

गाव आलं. दारोदार जाळ. पोरगा प्रत्येक जाळाकडे वाकून बघत होता. आरशात दिसत होतं. मग पुढचं दार. मग त्याच्या पुढचं.

"माणूस आपल्या घरापाशी थांबला," काका म्हणाले. "पोरगा उतरला. जाळापाशी उभा राहिला. घोड्याकडे बघत. पण घोडा तर... आजोबांचा होता."

काका थांबले. ओळखीच्या माणसाच्या दारातला घोडा कोणाच्या आजोबांचा, हे कोणी विचारलं नाही. कोझुएने हातातली फोड खाली ठेवली.

"आत नाही आला?" युसाकुने हळूच विचारलं.

"बोलावल्याशिवाय कसा येईल?"



मग काकूंचा आवाज आला. "अंगात काय होतं त्याच्या?"

काकांनी अंगणाकडे पाहिलं.

"स्वेटर. निळा. कोपराला... लाल दोऱ्याने शिवलेला."

"निळा दोरा संपला होता," काकू म्हणाल्या.

त्या काकांकडे वळल्या. 

"हाक का नाही मारलीत?"

"मारणार होतो," काका म्हणाले. आता तो ओळखीचा माणूस कुठेच नव्हता. "तोंड उघडलं होतं. पण आत तू ताट वाढलं होतंस, सुमिए. मी हाक मारली असती, तर..."

 पोरगा कधी गेला ते त्यांना कळलं नाही. टेम्पोत मागे पाणी साचलं होतं. खारं.

काकू उठल्या. आत गेल्या. आम्हीही मागोमाग. त्या ताटासमोर बसल्या. झाकणावर हात ठेवला... आणि तसाच ठेवून राहिल्या.

मग उचललं.

कोरडं.

काकूंनी आतून अंगठा फिरवला. दिव्याखाली धरलं. पुन्हा फिरवला. मी वाटीला बोट लावून पाहिलं. सार अजून कोमट होतं. झाकण मी ठेवल्यापासून त्याला कोणी हात लावला नव्हता. आम्ही पाचही जण ओसरीवर होतो.

दारातला जाळ विझत आला होता. काका त्याच्याकडे बघत होते, कोझुए भिंतीकडे. युसाकुने माझा हात धरला. काकूंनी झाकण मांडीवर घेतलं, आणि मान वर करून पाहिलं ते माझ्याकडे. माझ्या चेहऱ्याकडे. त्यावर त्यांना काय दिसलं, मला माहीत नाही. इस्सेईला मी कधी पाहिलंही नव्हतं. त्या घरात माझी ती पहिली रात्र होती.

"काकू," मी म्हणाले, "गाडीत काकड्या आहेत. घोडा मी करते. हाक तुम्ही मारा."