नव्या पडद्यावरचे रोहित

शलाकाने डोळे चोळून पुन्हा पाहिले. संगणकाचा पडदा निळाशार आणि रिकामा होता. तासाभरापूर्वी तिथे आजोबांच्या बावीस हिवाळ्यांच्या नोंदी ओळीने मांडलेल्या होत्या. त्या गेल्या कुठे?

साल होते २०४६. शलाकाचे घर भिगवणजवळ, उजनी धरणाच्या पाण्याकाठी होते. तिचे आजोबा डॉ. यशवंत बंडगर पक्षिशास्त्रज्ञ होते. थंडीत इथे उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांची ते बावीस वर्षे मोजणी करत आले होते. अलीकडे पाण्यावर फिरून मोजायचे काम एक छोटी यंत्रबोट करत असे आणि आकडे आपोआप घरच्या संगणकाकडे पाठवत असे. ते तपासून अहवाल मात्र आजोबाच लिहीत. पण यंदा त्यांच्या डोळ्यांचा आजार वाढला. पडद्यावरची अक्षरे त्यांना मुंग्यांसारखी दिसू लागली. सगळ्या नोंदी कुणाला तरी देऊन टाकायच्या आणि काम थांबवायचे, असे त्यांनी आदल्या दिवशी चहा घेताना जाहीर केले होते.

ते ऐकून शलाकाला रात्री जेवण गेले नव्हते. वर्गात तिने ऐकले होते, की एका वेगळ्या डेस्कटॉपवर (पडद्याच्या वेगळ्या मांडणीवर) अक्षरे हवी तेवढी मोठी करता येतात आणि पडद्यावरचा मजकूर संगणक स्वतः वाचून दाखवतो. म्हणून आजोबा फिरायला गेल्याबरोबर तिने तो इंटरनेटवरून उतरवून घेतला, सुरू केला आणि सगळे गायब झाले.

तिने रेहानाताईला बोलावले. रेहाना मुलाणी गावातले विज्ञान केंद्र चालवत असे. हा संगणकही तिनेच सुटे भाग जोडून बनवला होता. ती पोहोचली तेव्हा आजोबाही परतले होते. शलाकाने त्यांना खरे ते सांगून टाकले. आजोबा खुर्चीच्या हातावर हात ठेवून हळूच खाली बसले. ते पाहून शलाकाला रडूच फुटले.

रेहानाताई रागावली नाही. काही पुसून टाकलेस का, असे तिने विचारले. शलाकाने मानेने नाही म्हटले. एवढ्यात संगणकातून टुण्ण असा आवाज आला आणि पेटीवरचा हिरवा दिवा लुकलुकला.

"हा आवाज कसला?" रेहानाताईने विचारले.

"बोटीचा. नवे आकडे आले की वाजतो."

"मग ते आकडे आत्ता कुणी घेतले?"

शलाका विचारात पडली. पडदा तर रिकामा होता. तरीही बोटीने पाठवलेले कुणीतरी आत घेतले होते. म्हणजे आत काम चालू होते!

रेहानाताईने खुर्ची ओढली आणि समजावून सांगितले. संगणकाच्या अगदी आत कर्नल असतो (यंत्राचे सगळे भाग चालवणारा गाभा). आलेले आकडे जपून ठेवायचे काम त्याच्याच आधाराने चालते. आपल्याला बाहेरून दिसते ते डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट (पडद्यावरची चित्रे, खिडक्या, पट्ट्या यांची मांडणी आणि ती चालवणारे प्रोग्रॅम). आपण माउस फिरवतो, चित्रावर टिचकी मारतो, तेव्हा ही मांडणी आपला निरोप आत पोहोचवते. पण नोंदी तिच्यात राहतच नाहीत. त्या असतात होम फोल्डरमध्ये (प्रत्येकाच्या फायली ठेवायची स्वतंत्र जागा). जुनी मांडणी त्या फायलींची चित्रे समोर दाखवत होती, नवी दाखवत नाही, एवढाच फरक.

शलाकाने होम फोल्डर उघडला. पहिला हिवाळा होता, दुसरा होता. बाविसावाही होता, आणि त्यात बोटीचे मघाचेच आकडे बसलेले होते.

तिने मोठ्याने एकेक नाव वाचले तसे आजोबा पुढे सरकले. "म्हणजे मचाण बदललं," ते सावकाश म्हणाले. "तळं तेच आणि पक्षीही तेच."

"अगदी तसंच," रेहानाताई म्हणाली. "आणि जुनं मचाणही मोडलेलं नाही."

तिने ते करूनही दाखवले. लॉगिनच्या वेळी (आपली ओळख सांगून आत शिरताना) पडद्याच्या कोपऱ्यात दोन्ही डेस्कटॉपची नावे येत होती. जुने निवडले की चित्रांची ओळ परत येई, नवे निवडले की निळा पडदा. शलाकाने तीनदा आलटून पालटून पाहिले. मग आजोबांसाठी नवे निवडले, पार्श्वभूमी काळी केली आणि अक्षरे पिवळी, तळहाताएवढी. आजोबांनी चष्मा काढला, पुन्हा लावला आणि वाचले, "रोहित, चार हजार एकशे बारा." पुढचे त्यांनी संगणकाला वाचायला सांगितले. त्याने 'शेकाट्या' या पक्ष्याचे नाव असे काही वाकडेतिकडे उच्चारले, की तिघांनाही हसू आवरेना.

उच्चार सुधारता येईल का, असे शलाकाने विचारले. रेहानाताई म्हणाली, की हा डेस्कटॉप ओपन सोर्स आहे (ज्याचा आतला मजकूर कुणीही वाचू शकतो, बदलू शकतो आणि पुढे देऊ शकतो असा). तेव्हा कुणाची वाट पाहायची?

पुढचे दोन आठवडे आजोबा सकाळी अहवाल सांगत आणि संध्याकाळी पक्ष्यांची नावे. शलाका उच्चारांची यादी करत गेली. शेकाट्या, शराटी, चक्रवाक, तुतवार अशी एकशे चाळीस नावे झाली. रेहानाताईच्या मदतीने तिने ती यादी डेस्कटॉप बनवणाऱ्यांकडे पाठवली, आणि त्यांनी ती सगळ्यांसाठी खुली केली. आजोबांचा अहवालही वेळेवर गेला. नोंदी देऊन टाकायची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

फेब्रुवारीत नंदुरबारहून एक पत्र आले. तिथल्या अंध मुलांच्या शाळेत शिकणाऱ्या हिरकणी पाडवी नावाच्या मुलीने ते लिहिले होते. आमच्या संगणकाला आता पक्ष्यांची नावे नीट घेता येतात, असे तिने कळवले होते. झाडांची मात्र अजून येत नाहीत. ती यादी आपण दोघी मिळून करू या का?

शलाकाने पत्र आजोबांना दोनदा वाचून दाखवले. मग एक कोरी फाइल उघडली आणि तिच्यात पहिल्या झाडाचे नाव लिहिले, अंजन.